तीनशे वीस, चौतीस टक्के

काजूच्या प्रतवारीत मालाचं नावच आकडा असतं. १८०, २१०, २४०, ३२०, ४५०. एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर बसतात म्हणून तो नंबर. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. वेंगुर्ल्याच्या बाजूला कुठल्याही काजू फॅक्टरीत जा, ग्रेडिंगच्या टेबलावरची बाई गर नुसता बोटांत धरून सांगते, हा दोनशे चाळीस, हा तीनशे वीस. काट्यावर मोजायचं ते नंतर. आता हाच माल एक्सेलच्या पाय चार्टात, म्हणजे वाट्यांचे काप पाडलेल्या वर्तुळात घाला, डेटा लेबलमध्ये ‘कॅटेगरी नेम’ आणि ‘पर्सेंटेज’ या दोन्ही चौकोनांत टिक करा आणि मधला विभाजक स्वल्पविराम ठेवा. कापावर उमटतं: ‘३२०, ३४%’.

हे कसं वाचायचं? तीनशे वीस किलो, म्हणजे चौतीस टक्के? की बत्तीस हजार चौतीसमधला स्वल्पविराम सरकला? नंबर ज्याच्या रोजच्या तोंडात आहे त्याला अंदाजाने कळतं. बाकीच्यांची गाडी तिथेच अडते. ग्रेडिंगला बसणाऱ्या वैनींनी असलं एक चित्र बघून विचारलं होतं, “ह्यो तीनशे वीस चौतीस कसलो गो? नवीन नंबर इलो काय?”

उपाय अगदी क्षुल्लक आहे. फॉरमॅट डेटा लेबल्सच्या पट्टीत खाली ‘सेपरेटर’ नावाची उतरंड, म्हणजे पर्यायांची यादी आहे, तिथे ‘न्यू लाइन’ निवडायचं. नंबर वर, टक्के खाली. त्याहून बरं म्हणजे तक्त्यात ग्रेडचं नाव लिहितानाच ‘३२० नंबर’ असं लिहायचं. पण ही उतरंड तिथे आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. चार्ट काढला, लेबल आलं, झालं काम. सॉफ्टवेअरने पहिल्यांदा जे समोर ठेवलं ते कुणीतरी विचार करून ठेवलं असणार, असा आपला एक भाबडा समज असतो. विचार केलेला असतोच, पण तो आपल्या वाचणाऱ्याचा नसतो.

मी अशाच काही छोट्या कारखान्यांचं हिशेबाचं आणि रिपोर्टचं काम करते. बी विकत घ्यायची धावपळ मार्च ते मे. तेव्हा कुणाला चार्ट बघायला वेळ नसतो. फोडायचं काम मात्र पुढे बराच काळ चालतं, आणि रिपोर्ट नेमके पावसाळ्यात मागितले जातात, म्हणजे वीज भरवशाची नसते, प्रिंटरमधला कागद सादळलेला असतो आणि एकेक पान अडकत निघतं तेव्हा. हे रिपोर्ट वाचणारे तिघे. कारखान्याचे मालक, ज्यांना मी काका म्हणते. बँकेचे साहेब, ज्यांच्याकडे खेळत्या भांडवलाचं कर्ज आहे. आणि वैनी, ज्यांना रिपोर्ट कुणी देत नाही. त्या टेबलावर पडलेला उचलून बघतात. तिघांत सगळ्यांत बारकाईने वाचणाऱ्या त्याच.

काकांना टक्के आवडत नाहीत. “टक्के रवांदेत, किलो किती ता सांग.” साहेबांना टक्केच हवेत, शिवाय रुपये. वैनींना किलोही नको आणि टक्केही नको. मागच्या लॉटपेक्षा तुकडा वाढला की घटला तेवढं हवं. एकच चार्ट, एकच आकडे, आणि तीन वेगळी लेबलं. एक्सेल पाय चार्टच्या लेबलात मालिकेचं नाव, वर्गाचं नाव, मूळ मूल्य, टक्के यांतलं हवं ते ठेवू देतं. ज्याला शंका असते तो सगळ्यांवर टिक करतो, मग प्रत्येक कापावर चार ओळींचा मजकूर साचतो आणि त्याखाली काप दिसेनासा होतो. माझा नियम सोपा आहे: हा कागद ज्याच्या हातात जाणार तो पहिला प्रश्न काय विचारेल, त्याचं उत्तर लेबलावर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खालच्या तक्त्यात. तिसरा प्रश्न कुणी विचारलाच तर फोन आहे.

लेबल कुठे बसवायचं ही त्यापुढची गोष्ट, आणि इथे मला खरी मजा येते. पर्याय चार: मध्यभागी, आतल्या कडेला, बाहेरच्या कडेला आणि ‘बेस्ट फिट’. शेवटचा पर्याय म्हणजे तुमचं तुम्ही बघा ऐवजी माझं मी बघतो. मोठे काप असतील तोवर तो बरं बघतो. पण काजूत मोठे काप दोन-तीनच. ३२० सगळ्यांत मोठा, मग २४०, मग पाकळी, म्हणजे उभा दुभंगलेला गर. त्यानंतर तुकडा, कणी, डागी, करपलेला अशी बारक्या कापांची रांग लागते.

एक्सेलचा पाय चार्ट घड्याळातल्या बाराच्या काट्यावर सुरू होतो आणि काट्याच्याच दिशेने फिरतो. माल मोठ्यापासून लहानापर्यंत लावला (आणि तसाच लावावा), की सगळे बारके काप शेवटी येतात, म्हणजे बाराच्या अलीकडे, थेट शीर्षकाखाली. तिथे त्यांची लेबलं शेजारी शेजारी उभी राहतात. लेबल आडवं रुंद असतं, उंचीला कमी. शेजारी उभ्या चार लेबलांना चार लेबलांची रुंदी लागते आणि ती तिथे नसते. मग ‘कणी’वर ‘डागी’ चढतो, ‘डागी’वर ‘करपलेला’.

आता फॉरमॅट डेटा सिरीजमध्ये जाऊन ‘अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस’ शून्यावरून तीनशेच्या आसपास न्या. अख्खं वर्तुळ फिरतं आणि बारके काप नऊच्या काट्यापाशी, डाव्या कुशीला येतात. तिथे लेबलं एकाखाली एक लागतात, प्रत्येकाला एका ओळीची उंची पुरते आणि तीच सात-आठ लेबलं आरामात बसतात. माल तोच, आकडे तेच, नुसतं फिरवलं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, आणि ज्यांना ज्यांना मी दाखवली त्यांनी “एवढंच?” असं तोंड केलं. एवढंच.

काही लेबलं तरीही हाताने ओढून बाहेर न्यावी लागतात. मग एक्सेल त्यांच्यापासून कापापर्यंत बारीक रेघ काढतं, तिला ‘लीडर लाइन’ म्हणतात. दोन-तीन रेघा ठीक. दहा झाल्या की सगळी माणसं किनाऱ्याच्या एकाच टोकाला उभी राहून रापणीचं जाळं ओढतायत असं ते चित्र दिसायला लागतं. शिवाय हाताने ओढलेलं लेबल पुढच्या महिन्याचे आकडे भरले की नीट जागी बसेल याचा भरवसा नाही. दर महिन्याला नवा होणाऱ्या रिपोर्टात म्हणून मी हात लावत नाही. कोन फिरवते, नावं आखूड करते, अक्षर एक आकडा लहान करते. सर्व्हरवरून आपोआप निघणाऱ्या रिपोर्टात तर ओढायची सोयच नसते. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेबल आत की बाहेर एवढं ठरवता येतं, एकेक उचलून ठेवता येत नाही. सुरुवातीला ते अपंग वाटतं. नंतर कळतं, की त्याने आपल्याला लेबलाऐवजी आकड्यांची रचना बदलायला लावलं, आणि ते बरंच झालं.

शून्याचा त्रास वेगळाच. एखाद्या लॉटात १८० नंबर निघालाच नाही, तर त्याचा काप नसतो, पण लेबल ‘०%’ असं कुठेतरी लटकत राहतं. यावर सगळीकडे एक उपाय सांगतात: नंबर फॉरमॅटमध्ये पहिला भाग तेवढा ठेवून पुढचे अर्धविराम रिकामे सोडायचे, म्हणजे शून्य छापलं जात नाही. ते खरं, पण अर्धंच. माल हजारात तीन निघाला असेल तर ते शून्य नव्हे. फॉरमॅट त्याला पहिल्या भागात धरतं, पूर्णांकात आणतं आणि पुन्हा ‘०%’ छापतं. आता हे शून्य आणखी वाईट, कारण माल आहे आणि लेबल म्हणतंय नाही. त्यापेक्षा चौकटी कंसात अटच लिहावी: इतक्यापेक्षा कमी असेल तर काही छापू नको, नाहीतर टक्के छाप. अटीची रेषा कुठे मारायची ते आपण ठरवायचं. मी, करपलेला सोडून, दोन टक्क्यांवर मारते आणि गाळलेल्यांची नावं खाली एका ओळीत देते.

आणि बेरीज. समजा तीन काप आहेत, ४५.४, ३०.३ आणि २४.३ टक्क्यांचे. बेरीज बरोबर शंभर. लेबलावर पूर्णांक दाखवले की ४५, ३० आणि २४. बेरीज नव्याण्णव. काकांच्या डोक्यात बेरीज आपोआप होते, त्यांना थांबवता येत नाही. “उरलेलो एक टक्को खय गेलो?” काजूच्या धंद्यात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, एक टक्का म्हणजे कुणाच्या तरी खिशात गेलेला माल असू शकतो. चार्टाने काहीच चोरलेलं नसतं. मूळ आकडे आत शाबूत असतात, लेबल फक्त दाखवताना गोल करतं. पण हे समजावून सांगावं लागलं की चार्टाची अर्धी पत गेलीच.

एक दशांश स्थळ दाखवलं की बहुतेक वेळा भागतं, नेहमी नाही. तीन सारख्या वाट्यांचे ३३.३ तीनदा मिळवले तरी ९९.९ च होतात. दुसरा मार्ग असा: आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्यायचे आणि उरलेला एक टक्का ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्याला द्यायचा. म्हणजे ४५.४ चे ४६. निवडणुकीतल्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायला ही रीत वापरतात, आणि तिचं भांडण फार जुनं आहे. अमेरिकेत १७९२ साली प्रतिनिधिगृहातल्या जागा या पद्धतीने वाटणारं विधेयक मंजूर झालं आणि जॉर्ज वॉशिंग्टनने ते नाकारलं. अमेरिकी अध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार. उरलेल्या अपूर्णांकावरून तेव्हा देशाचा कारभार अडला होता, तर आमच्या काकांना काय दोष द्यायचा? मी त्यांच्या प्रतीत टक्के काढूनच टाकले. किलोंची बेरीज चुकत नाही.

पाय चार्टाला नावं ठेवणं ही या क्षेत्रातली शिष्टाचाराचीच गोष्ट झालीय. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०१ साली तो छापला. आशिया, युरोप आणि आफ्रिकेत पसरलेल्या तुर्की साम्राज्याचा कुठला वाटा केवढा हे दाखवायला. १९८४ साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी माणसांची नजर तपासून दाखवलं, की एकाच पट्टीवरची जागा किंवा लांबी आपण चांगली ताडतो, कोन तितका नाही. त्यामुळे उभे किंवा आडवे खांब काढा, वर्तुळ नको, हा सल्ला रास्तच आहे. ३२० आणि २४० च्या कापांत कुठला मोठा हे त्यांच्यात दोन टक्क्यांचा फरक असेल तर डोळ्यांना कळत नाही, लेबलच वाचावं लागतं. मग चित्र कशाला, नुसता तक्ता द्या, असंही कुणी म्हणेल.

तरी मी पाय चार्ट सोडलेला नाही. अर्धा आणि पाव हे वर्तुळात जितके झटकन दिसतात तितके खांबांत दिसत नाहीत, आणि आमचा धंदा पाव-अर्ध्यातच चालतो. बी फोडली की वजनाच्या साधारण पाव भाग गर हातात येतो, बाकी टरफल, साल आणि उडालेली ओल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींत गराचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून तर बागायतदार त्यांची कलमं मागतात. गर आणि बाकीचं असा दोनच कापांचा चार्ट एकदा काकांना काढून दिला. एक काप पावाहून जरा बारीक, दुसरा उरलेला. लेबलं दोन, दोन्ही आत, दोन्ही किलोत. तो त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर खिळा मारून लावला आणि बी विकायला येणाऱ्या बागायतदारांना भाव सांगताना त्याकडे बोट करायला लागले. मी काढलेला सर्वांत उपयोगी चार्ट तोच असावा, आणि त्यात माझं कसब काहीच नाही.

त्या चार्टात आणखी एक गोष्ट होती. पूर्ण वर्तुळ म्हणजे काय, हे शीर्षकातच लिहिलेलं होतं: ‘१०० किलो वाळलेली बी’. ग्रेडच्या चार्टात पूर्ण वर्तुळ म्हणजे गर, बी नव्हे. हे सांगितलं नाही तर ‘तुकडा १८%’ वाचणारा माणूस शंभर किलो बीमागे अठरा किलो तुकडा निघतो असं समजून घाबरेल. प्रत्यक्षात तो शंभर किलो बीमागे जेमतेम चार-साडेचार किलो असेल. टक्क्याचं चिन्ह कशाचे टक्के ते कधीच सांगत नाही. त्यामुळे एकूण वजन मी शीर्षकात घालते, किंवा मध्ये भोक असलेला डोनट काढून त्या भोकात. डोनटचा मला सापडलेला एकमेव सदुपयोग.

आणि वजनाचा चार्ट व पैशांचा चार्ट ही दोन वेगळीच चित्रं असतात. तुकडा वजनात ठसठशीत दिसतो, पैशांत आकसतो. २१० वजनात चिमूटभर, पैशांत त्याची कंबर सुटते. बँकेच्या साहेबांना पैशांचा चार्ट दाखवला तर कारखाना उत्तम चाललाय. काकांना वजनाचा दाखवला तर बायका गर मोडतायत. दोन्ही खरे. दोन्ही कागदांवर लेबल मात्र सारखंच असतं: ‘तुकडा’ आणि पुढे एक आकडा. म्हणून हे दोन चार्ट एकाच पानावर शेजारी ठेवायचे आणि पैशांच्या लेबलात रुपयाचं चिन्ह, वजनाच्या लेबलात ‘किलो’ हा शब्द फॉरमॅटमध्येच बांधून टाकायचा, असा माझा आग्रह असतो. दोन्हीकडे टक्के लिहिले की पाच मिनिटांत कुणीतरी एकाचा आकडा दुसऱ्याचा म्हणून बोलायला लागतो.

आता तुकड्याबद्दल. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका लॉटमध्ये तुकडा वाढलेला दिसला. काकांनी कागद घेतला आणि सरळ कटिंग विभागात गेले. तिथे हातापायाने चालवायच्या मशीनवर बायका बी फोडतात. टरफलाच्या चिकाने हात उततात म्हणून बोटांना तेल किंवा राख. काका काय बोलले ते इथे लिहीत नाही. वैनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. तुकड्याच्या कापावर बोट ठेवलं.

“ह्यो सगळो आमच्या हातान पडलो काय? बी भिजान इल्ली ता खय लिवलंस?”

लिहिलेलं नव्हतंच, आणि लिहायला जागाही कुणी ठेवलेली नव्हती. चार्टातल्या लेबलाला एवढंच ठाऊक असतं: कशाचा काप आणि केवढा. का, हे त्याच्या चार टिकांत कुठेच नाही. तुकडा पडायला कारणं पुष्कळ. वाफ नीट बसली नाही, वाफवलेली बी पुरती गार व्हायच्या आत फोडायला घेतली, ड्रायरमध्ये गर जास्त वाळून ठिसूळ झाला आणि साल काढताना मोडला. उलट कमी वाळला तर साल सुटत नाही, खरवडावी लागते, आणि गर डागी होतो. वळवाच्या पावसात खळ्यावर भिजलेली बी परत वाळवली तरी तिच्या गराचा भरवसा नाही. फोडणारीचा हात हे त्यांतलं एक कारण. चार्टावर मात्र तुकडा एका कापात येतो, आणि त्या कापाजवळ सर्वांत आधी दिसणारी माणसं म्हणजे फोडणाऱ्या बायका.

एक्सेलमध्ये २०१३ च्या आवृत्तीपासून लेबलांच्या पर्यायांत ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ अशी एक टिक आहे. तक्त्यात शेजारी एक मोकळा रकाना ठेवायचा, त्यात हवा तो मजकूर लिहायचा, आणि लेबलाला सांगायचं की तुझा मजकूर तिथून घे. (एकाच लेबलापुरतं हवं असेल तर त्या लेबलावर दोनदा सावकाश क्लिक करून वर फॉर्म्युल्याच्या पट्टीत बरोबरचं चिन्ह टाकून सेल दाखवला तरी चालतं, ते त्याआधीही होत होतं.) त्या रकान्याला मी ‘शेरा’ असं नाव दिलं आणि तो भरायचं काम वैनींवर सोपवलं. त्या वहीत लिहितात, मी टाइप करते. आता तुकड्याच्या लेबलावर वर नाव, मग किलो, आणि खाली बारीक अक्षरात ‘भिजलेली बी, ४ पोती’ किंवा ‘ड्रायर जास्त’. कधी कधी ‘नवीन बाई, शिकते’ असंही येतं. तो शेरा वैनी स्वतःच लिहितात, कुणाला न झाकता. सोपवताना मला वाटलं होतं सगळं खापर बीवर आणि ड्रायरवर फुटेल. तसं झालेलं नाही.

शेरा तीन-चार शब्दांपेक्षा मोठा नको, हे सांगायला थोडा वेळ गेला. लेबलाची चौकट रुंद करता येते, पण वर्तुळ त्या प्रमाणात आक्रसतं. चार शेरे लांबले की चार्टाचं बटण होतं. आणि ज्यांच्याकडे त्याहून जुनी आवृत्ती आहे त्यांना हा शेरा दिसतच नाही. त्याच्या जागी चौकटी कंसात इंग्रजीत ‘सेलरेंज’ असा शब्द येतो, प्रत्येक कापावर तोच. एका हिशेबनिसाच्या ऑफिसात असं जुनं यंत्र आहे. तिथून फोन आला की तुमच्या सगळ्या मालाचं नाव सेलरेंज कसं? तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत पीडीएफमध्येच जाते.

पीडीएफचंही आपलं एक दुखणं आहे. काही रिपोर्ट सॉफ्टवेअर पडद्यावर देवनागरी चोख दाखवतात आणि पीडीएफ काढताना वेलांट्या विसकटतात. ‘किलो’तली पहिली वेलांटी ‘ल’च्या डोक्यावर जाऊन बसते, रफार भलत्याच अक्षरावर. नुसत्या मजकुरात होत नाही तिथेही चार्टाच्या लेबलात होतं, कारण लेबल हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कित्येकदा मजकूर नसून चित्र असतं आणि ते चितारणारा भाग निराळा. अशा वेळी मी चार्ट वेगळा चित्र म्हणून काढून पानावर चिकटवते. ओबडधोबड, पण ‘किलो’ किलोच राहतो. दोन ओळींच्या लेबलात आणखी एक: खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही. अक्षर एकाने कमी करायचं, वर्तुळ थोडं वाढवायचं. आकडे देवनागरीत हवे असतील तर नंबर फॉरमॅटमध्ये भाषेचा संकेतांक घालून ते होतात, आणि लाखाचा स्वल्पविराम नीट पडायला संगणकाची प्रादेशिक मांडणी भारताची करावी लागते. ते एकदा केलं की विसरायचं.

‘इतर’ नावाच्या कापावर माझा राग आहे, तो थोडक्यात सांगते. मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये एक सोय आहे: ठरावीक मर्यादेखालचे सगळे काप गोळा करून एक काप करायचा. तुम्ही काही बदललं नाही तर ही मर्यादा पाच टक्के असते. दिसायला चार्ट स्वच्छ होतो. पण आमच्याकडे कणी, डागी आणि करपलेला हे तिन्ही त्या मर्यादेखाली. कणीला मिठाईवाले आणि बेकरीवाले गिऱ्हाईक आहे, ती माल आहे. करपलेला हा ड्रायरपाशी झालेला तोटा आहे. माल आणि तोटा एका पिशवीत घालून वर ‘इतर’ लिहिलं की त्या पिशवीबद्दल कुणीच प्रश्न विचारत नाही, आणि बघता बघता ती पाकळीएवढी होते. गोळा करायचंच असेल तर त्या कापाचं नाव बदलता येतं. मी ‘कणी, डागी’ असं एक करते आणि करपलेल्याला तो कितीही बारीक असला तरी स्वतःचा काप आणि स्वतःचं लेबल देते. गरज पडली तर रेघ काढून.

रंगांच्या सूचीचं म्हणाल तर ती मी काढूनच टाकते. रंग ओळखून सूचीत नाव शोधायचं, पुन्हा कापाकडे यायचं, हे काम वाचणाऱ्याने का करावं? शिवाय आमच्याकडे रिपोर्ट एक रंगीत निघतो आणि बाकीच्या प्रती बाजारात झेरॉक्स होतात. झेरॉक्समध्ये हिरवा आणि लाल दोघेही एकाच करड्या रंगाचे. लेबल कापावर किंवा कापाशेजारी असेल तर तो कागद तरतो. गडद कापावरचं लेबल पांढरं आणि फिक्यावरचं काळं एवढी काळजी घेतली की पुरे. आता तर निम्मी माणसं कागद बघतच नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघतात. चार्ट फोनवर पाठवून, स्वतः चश्मा न लावता वाचता येतो का ही माझी शेवटची तपासणी.

या मोसमाच्या रिपोर्टात तीन प्रती आहेत. काकांची किलोत, वैनींची शेऱ्यांसकट आणि मागच्या लॉटच्या आकड्यासकट, साहेबांची रुपयांत. काकांनी परवा वैनींची प्रत मागून घेतली आणि परत दिली नाही, तेव्हा वैनींसाठी आणखी एक काढावी लागली. साहेबांना मात्र आता टक्के दोन दशांश स्थळांपर्यंत हवे आहेत. काटा शंभर ग्रॅमपलीकडे अचूक नाही, शेवटचा आकडा नुसता शोभेचा आहे, हे मी त्यांना सांगून बघितलं. नमुना वरून ठरून आलेला आहे म्हणतात. त्यांच्या प्रतीत देते दोन स्थळं. अक्षर लहान करावं लागतं आणि वर्तुळ पुन्हा थोडं फिरवावं लागतं, कारण ‘३४.२७%’ ला ‘३४%’ पेक्षा जास्त जागा लागते.